भिंतीतून पाऊस आत का येतो?

वरंध हे गाव महाड तालुक्यात आहे. महाडहून भोरकडे जाणारी सडक इथून पुढे घाट चढू लागते. गावाच्या पूर्वेला सह्याद्री उभा आहे. समुद्रावरून आलेले ढग या डोंगराला अडतात, वर चढतात, थंड होतात आणि आपले ओझे टाकून देतात. ते ओझे पडते आपल्या घरांवर. पुणे शहरात वर्षभरात सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. महाड तालुक्यात ३,००० मिलिमीटरच्या वर पडतो. पुणे काही फार दूर नाही. मधे फक्त हा डोंगर आहे.

मिलिमीटर म्हणजे काय, हे एकदा नीट समजून घेऊ. एक मीटर लांब आणि एक मीटर रुंद अशा जागेवर १ मिलिमीटर पाऊस पडला, की तिथे बरोबर १ लिटर पाणी जमते. आता तुमच्या घराचे छप्पर १० मीटर लांब आणि ५ मीटर रुंद आहे असे धरा. म्हणजे ५० चौरस मीटर झाले. एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस झाला, तर त्या छपरावर ५,००० लिटर पाणी पडले. पंधरा लिटरचा हंडा धरला तर तीनशेहून जास्त हंडे! आणि आमच्या या भागात १०० मिलिमीटरचा दिवस काही नवलाचा नाही. २३ जुलै २०२१ च्या सकाळपर्यंतच्या चोवीस तासांत शेजारच्या महाबळेश्वरला ६०० च्या जवळपास मिलिमीटर पाऊस झाला होता.

छपरातून पाणी गळले तर लगेच कळते. टप टप आवाज होतो. आपण खाली पातेले ठेवतो, उन्हाळ्यात कौले चाळतो, फुटके कौल बदलतो. भिंतीतून येणारे पाणी मात्र चोरासारखे येते. आधी एक काळपट डाग दिसतो. मग रंगाला फोड येतात. मग भिंतीला हात लावला तर हात ओला होतो. गणपती येईपर्यंत त्या भिंतीला टेकवलेल्या कपाटातले कपडे कुबट वासाचे झालेले असतात. तांदळाच्या कणगीला बुरशी आलेली असते. घरात कोणाला दमा असेल तर त्याचा खोकला थांबत नाही.

एवढ्यावरच भागले असते तर चालले असते. पण आता भिंतीत विजेच्या तारा असतात, खांबात लोखंडी सळ्या असतात. ओली भिंत आणि उघडी तार यांची गाठ पडली, की माणूस जातो. आणि सळईला पाणी लागले की ती गंजते. गंज फुगतो. फुगला की बाहेरचे सिमेंट फोडून काढतो. वीस-पंचवीस वर्षांत ज्या घराला काही व्हायला नको, त्याचे खांब उलतात ते असे. म्हणून हा विषय नुसत्या रंगाचा, दिसण्याचा नाही.

जुन्या घराचे इरले

आमच्या भागात शेतकरी लावणीला जाताना डोक्यावर इरले घेई. आता इरली कमी झाली, प्लॅस्टिकचे कागद आले. पण इरल्याची युक्ती लक्षात घेण्यासारखी आहे. इरले अंगाला चिकटत नाही. ते पाणी अंगावर येऊच देत नाही.

जुनी कोकणी घरे अशीच होती. भिंत असायची कुडाची, मातीची, किंवा मातीत रचलेल्या दगडांची. पावसापुढे टिकणारी नव्हेच ती. पण छप्पर भिंतीच्या पुढे दोन-तीन हात आलेले असे. पागोळ्या दूर पडत. पुढे ओटी, मागे पडवी, म्हणजे मुख्य भिंतीला पाऊस दिसतही नसे. खाली दगडी जोते असे, म्हणून उडालेले शिंतोडे मातीला लागत नसत. आणि ज्या बाजूने झड येते त्या बाजूला रोहिणी नक्षत्रातच पेंढ्याच्या नाही तर झापांच्या झडपा बांधत. दसऱ्यानंतर त्या सोडत. भिंत कमजोर आहे हे त्या माणसांना ठाऊक होते. म्हणून त्यांनी भिंतीला पावसात उभे केलेच नाही.

आता काय झाले? घरे विटांची झाली, जांभ्या चिऱ्याची झाली, वर स्लॅब आला. घर पक्के झाले, हे चांगलेच झाले. पण ओटी गेली, पडवी गेली, वळचण गेली. चारी भिंती उघड्या पावसात उभ्या राहिल्या. मग सगळा भार आला तो अर्ध्या-पाऊण इंचाच्या गिलाव्यावर. आम्ही या गावांतून हिंडलो तेव्हा एका ओटीवर असे बोलणे कानावर आले –

"गवंडीदादा, औंदा तरी भिंत ओली व्हायची न्हाय ना?"

"न्हाय वैनी. या टायमाला माल कडक करतो. सिमेंट जास्त घालतो. मग बघा."

गवंडी मनाने चांगला होता, हातही चांगला होता. पण सिमेंट जास्त घातल्याने भिंत कोरडी राहत नाही. उलट बिघडते. ते कसे, हे पुढे येईल. आधी पाणी आत शिरते कसे ते पाहू.

पाण्याला वाट लागते आणि रेटा लागतो

भिंतीवर पाणी असणे, भिंतीत वाट असणे, आणि त्या वाटेने पाण्याला ढकलणारे काही असणे, या तिन्ही गोष्टी जुळल्या की पाणी आत येते. तिन्हींतली एक जरी काढून घेतली तरी ते बाहेर राहते.

ढकलणारा पहिला म्हणजे वारा. पावसाळ्यात वारा मुख्यतः पश्चिमेकडून आणि नैऋत्येकडून येतो. म्हणून त्या बाजूची भिंत सर्वांत आधी भिजते. मात्र वरंधसारख्या डोंगराच्या कुशीतल्या गावात वारा खोऱ्यात वळतो, कड्याला आपटून मागे फिरतो. इथे पश्चिमेचीच भिंत भिजेल असे धरून चालू नका. तुमच्या अंगणात झड कोणत्या बाजूने येते, ते तुम्हालाच पाहिले पाहिजे. आजोबांनी झडप कुठे बांधली होती ते आठवा. त्यात बहुतेक उत्तर असते.

दुसरा ढकलणारा दिसत नाही. समईत वात ठेवतो ना? तेल खाली असते, तरी वातीतून वर चढते. बारीक वाटेतून पाणी आपोआप ओढले जाते. केसाएवढी चीर म्हणजे पाण्याची वातच. मोठे भोक असेल तर पाणी त्यातून ओघळून जाते. बारीक चीर मात्र पाणी ओढून धरते. लोक म्हणतात, "चीर केवढीशी आहे, तीतून काय येणार?" तीतूनच येते!

वीटसुद्धा पाणी पिते. खात्री करून पाहा. एक कोरडी वीट वजन करा, रात्रभर पाण्यात बुडवा, सकाळी पुसून पुन्हा वजन करा. साध्या विटेचे वजन सहाव्या हिश्शाने, कधी पाचव्या हिश्शाने वाढते. तीन किलोची वीट अर्धा लिटर पाणी धरते म्हणा ना. रत्नागिरीकडून ट्रकने येणारा जांभा तर अंगानेच भोकाभोकांचा असतो. थोडे पाणी पिऊन पावसाची उघडीप होताच ते सोडून देणे, हे भिंतीचे कामच आहे. नऊ इंची भिंत हे निभावते. साडेचार इंची भिंत झडीच्या बाजूला बांधली, तर पाणी आतल्या अंगाला पोचण्यापूर्वी सुकायला तिला सवडच मिळत नाही. पैसे वाचवायचे असतील तर आतल्या भिंतीत वाचवावेत. झडीच्या बाजूला वाचवू नयेत.

विलायतेत पाऊस आडवा येतो, म्हणून तिथे शंभर वर्षांपासून पुष्कळ घरांना दुहेरी भिंत बांधतात. दोन भिंतींच्या मधे बोटभर-दोन बोटे पोकळी सोडतात. बाहेरची भिंत भिजते, पाणी पोकळीत ओघळून खाली जाते, आतली भिंत कोरडी राहते. आपली पेंढ्याची झडप आणि तिच्यामागची भिंत यांचे नाते यापेक्षा वेगळे काय होते?

आधी ओल कुठली ते ओळखा

ओल दिसली की लोक गवंड्याला बोलावतात आणि सगळी भिंत पुन्हा गिलावून घेतात. हजारो रुपये जातात. पुढच्या आषाढात डाग तिथेच दिसतो, कारण पाणी दुसरीकडून येत होते.

ओल गुडघ्याएवढीच असेल, चारी बाजूंनी सारखी असेल, आणि तिच्यावर पांढरा लोणा फुलत असेल, तर ते पाणी जमिनीतून वर चढते आहे. बाहेरचा गिलावा त्याला काही करू शकत नाही. नवीन घर बांधताना जोत्यावर काँक्रीटचा ओलरोधक थर घालायचा असतो. तो घातला नसेल तर असे होते. बांधून झालेल्या घराला तो घालणे अवघड. निदान जोत्याला लागलेली माती काढून ती जोत्याच्या खाली आणावी, आणि पाणी घरापासून दूर जाईल अशी चर खणावी. एवढ्यानेही पुष्कळ फरक पडतो.

ओल अगदी वर, स्लॅबच्या खाली असेल, तर गच्ची आणि तिचा कठडा पाहा. कठड्याचा माथा सपाट असतो, त्याला चिरा पडतात, पाणी तिथून भिंतीच्या पोटात उतरते. संडास-मोरीच्या मागची भिंत उन्हाळ्यातही ओली असेल, तर पावसाचा काही दोष नाही. नळ फुटला आहे.

कधी पाणी बाहेरून येतच नाही. घर बंद, आत चूल किंवा शेगडी पेटलेली, दोरीवर ओले कपडे वाळत घातलेले. ती सगळी वाफ थंड भिंतीवर बसते आणि तिचे पाणी होते. हे ओळखायला सोपी युक्ती आहे. भिंतीवर आतून हातभर प्लॅस्टिकचा कागद चारी कडांनी चिकटपट्टीने घट्ट लावा. दोन दिवसांनी पाहा. थेंब कागदाच्या आपल्या बाजूला असतील तर ती घरातली वाफ. कपडे पडवीत वाळत घाला, खिडकी उघडी ठेवा. थेंब कागदाच्या मागे असतील तर पाणी भिंतीतून येते आहे.

या सगळ्यांतून उरली ती खरी पावसाची ओल. जोराची झड आली की काही तासांत दिसते, उघडीप झाली की कमी होते. तिच्यासाठी एक कोळशाचा तुकडा हाताशी ठेवा. मृगाच्या पहिल्या मोठ्या पावसात डाग उमटला, की त्याच्या कडेने कोळशाने रेघ ओढा आणि शेजारी तारीख लिहा. आर्द्रात पुन्हा रेघ, पुन्हा तारीख. डाग कुठे सुरू झाला आणि कुठे पसरला, ते भिंतच सांगेल. लिहायला शिकल्याचा हा एक उपयोग. गवंडी दिवाळीनंतर येतो तेव्हा भिंत सुकलेली असते आणि सगळ्यांना सगळे विसरलेले असते. लिहिलेले मात्र पुसत नाही.

पावसाळा संपल्यावरही तपास करता येतो. बाहेरून भिंतीवर नळीने पाणी सोडा. पण सुरुवात खालून करा. खालच्या भागावर पंधरा मिनिटे, मग खिडकीखाली, मग खिडकीच्या बाजूंना, मग वर. घरात दुसऱ्या माणसाला बसवा. ज्या वेळी आत पाणी दिसेल, त्या वेळी बाहेर जिथे नळी आहे, तिथे वाट आहे. आधीच वरून पाणी सोडले तर ते सगळ्या भिंतीवर ओघळेल आणि काहीच कळणार नाही.

अशा तपासात बहुतेक वेळा भिंतीचे सपाट अंग दोषी निघत नाही. दोषी निघतात ते सांधे. सगळ्यांत जास्त वेळा खिडकीखालचा उंबरा. तो आतल्या बाजूला उतरता असतो, किंवा भिंतीच्या बरोबरीने तोडलेला असतो. तो बाहेरच्या बाजूला उतरता हवा आणि भिंतीपुढे दोन इंच आलेला हवा. शिवाय त्याच्या खालच्या अंगाला, कडेपासून बोटभर आत, एक आडवी खाच हवी. खाच कशाला? पातेल्यातून चहा ओतताना तो कधी कधी पातेल्याच्या पोटावरून ओघळत मागे येतो, तसेच पाणी छज्जाच्या आणि उंबऱ्याच्या पोटावरून सरपटत भिंतीकडे येते. खाचेपाशी आले की त्याला पुढे जाता येत नाही. तिथून ते थेंब थेंब खाली पडते. ही खाच पाडायला गवंड्याला फार वेळ लागत नाही. पण सांगितल्याशिवाय कोणी पाडत नाही.

दुसरे ठिकाण म्हणजे परांचीची भोके. बांधकामाच्या वेळी परांचीचे वासे भिंतीत खोचतात. काम संपले की ती भोके विटांच्या तुकड्यांनी कशीबशी बुजवतात आणि वरून गिलावा ओढतात. बाहेरून कळतही नाही. आतून मात्र चार-पाच फुटांच्या अंतराने गोल गोल डाग दिसतात. असे एका ओळीत डाग दिसले तर दुसरे काही शोधू नका. ती भोके उकरून, धुऊन, माल ठासून भरून घ्या. अलीकडे तिसरे ठिकाण आले आहे – टी.व्ही.च्या छत्रीचे खिळे आणि नळ्यांची भोके. भोक पाडायचेच असेल तर ते बाहेरच्या बाजूला उतरते पाडावे.

गिलावा कसा असावा

आता त्या "कडक" मालाकडे येऊ. भाताच्या खाचरातला चिखल पाहा. बारीक, चिकट माती सुकली की तिला भेगा पडतात. नदीकाठची वाळूमिश्रित माती सुकली तरी भेगाळत नाही. सिमेंटचेही तसेच आहे. सुकताना ते आक्रसते. जितके सिमेंट जास्त, तितके आक्रसणे जास्त. मागची वीट काही आक्रसत नाही. मग गिलावा ताणला जातो आणि केसासारख्या चिरांचे जाळे पडते. प्रत्येक चीर म्हणजे एक वात! आणि चिरेतून आत गेलेले पाणी त्या कडक थरातून सहजी बाहेर येत नाही. ते आतल्या बाजूला सुकायला येते, म्हणजे आपल्या खोलीत.

बाहेरच्या गिलाव्याला एक घमेले सिमेंट आणि चार ते पाच घमेली वाळू पुरते. तो दोन थरांत करावा. पहिला थर सुमारे अर्धा इंच. तो गुळगुळीत करू नये. ओला असताना त्यावर खिळ्यांच्या फळीने ओरखडे काढावेत. त्याला पाणी मारून काही दिवस जाऊ द्यावेत. मग दुसरा थर, पाव इंचाच्या आसपास, आणि त्यात सिमेंट पहिल्यापेक्षा थोडे कमी. बाहेरचा थर आतल्यापेक्षा कडक कधीही असू नये. दोन थर का? एका थरातली चीर दुसऱ्या थरातल्या चिरेसमोर येत नाही. पाण्याची वाट तुटते.

वाळू नीट पाहून घ्यावी. काचेच्या ग्लासात निम्मी वाळू घाला, वर मिठाचे पाणी ओता, हलवा आणि तीन तास ठेवा. वाळू खाली बसेल, तिच्यावर गाळाचा थर बसेल. वाळू शंभर भाग असेल तर गाळ आठ भागांहून जास्त नको. जास्त असेल तर धुऊन घ्या. महाडच्या खाली सावित्रीची खाडी आहे. खाडीची वाळू स्वस्तात मिळाली तरी ती न धुता घेऊ नका. तिच्यात मीठ असते. मीठ हवेतली ओल ओढते आणि लोखंड खाते.

सिमेंटची गोणी तीन महिन्यांहून जुनी नको. आमच्या दमट हवेत त्याआधीही गोणीत खडे होतात. कालवलेला माल अर्ध्या-पाऊण तासात संपवावा. दुपारच्या जेवणाला बसताना घमेल्यात राहिलेला माल पाणी घालून पुन्हा मळतात, तसे करू देऊ नये. त्या मालाचा जोर गेलेला असतो. पाणीरोधक औषध घालायचे तर पुडीवर लिहिले असेल तेवढेच घाला. वाचता येत असेल तर स्वतः वाचून घाला. पण वाळू खराब आणि पाणी मारायला आळस, तिथे औषध काय करणार?

काँक्रीटचा खांब आणि विटांची भिंत जिथे मिळतात, तिथे उभी चीर हमखास पडते. उन्हात दोघे सारखे फुगत नाहीत. म्हणून गिलाव्यापूर्वी त्या सांध्यावर फूटभर रुंद कोंबडीची जाळी मारावी, निम्मी खांबावर आणि निम्मी भिंतीवर. आणि काँक्रीटचे गुळगुळीत अंग छिन्नीने खडबडीत करून घ्यावे. नाही तर गिलावा त्याला धरत नाही.

मातीच्या भिंतीचे निराळे आहे. आपल्याकडे अजून मातीत रचलेल्या भिंती पुष्कळ आहेत. "एकदाचे सिमेंट लावून टाकू" असे घरोघर ऐकू येते. आमचे मत याच्या विरुद्ध आहे. माती ओलीने फुगते, उन्हात आक्रसते. सिमेंटला ते झेपत नाही. दोन पावसाळ्यांत त्याचे पोपडे सुटतात. त्याहून वाईट म्हणजे, आत गेलेले पाणी आतच राहते. बाहेरून भिंत छान दिसते आणि आत माती मऊ होत असते. अशा भिंती रात्री कोसळतात, आणि तिच्या कुशीला माणसे निजलेली असतात. मातीच्या भिंतीला शेणमातीचे नाही तर चुन्याचे लिंपण द्यावे. चुना म्हणजे घोंगडी. पावसात ती वरून भिजते, पण अंग कोंडत नाही, आणि उघडीप झाली की वाळते. कडक सिमेंट म्हणजे प्लॅस्टिकचा कागद. एक भोक पडले की आतले पाणी बाहेर जात नाही. आणि मातीच्या भिंतीवर खर्च करायचा असेल तर तो आधी छप्पर पुढे वाढवण्यावर करावा.

आता काही जण स्लॅबवर पत्र्याची शेड घालतात. पत्रा भिंतीच्या पुढे दोन-तीन फूट आला तर ते घराचे इरलेच झाले. गिलाव्यावर दहा वेळा खर्च करण्यापेक्षा हे बरे. पण ती शेड पक्की बोल्टांनी जखडलेली हवी. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले, तेव्हा जिल्ह्यात किती घरांचे पत्रे उडाले ते सर्वांनी पाहिले आहे.

चिरा, आणि वेगळी चीर

जुन्या गिलाव्यावर थापीच्या दांड्याने ठोकून पाहा. भरीव आवाज आला तर तो भाग चांगला आहे. पोकळ आवाज आला तर तो सुटला आहे, तेवढा काढून नवा करावा. केसाएवढ्या चिरा बाहेरच्या चांगल्या लवचीक रंगाने भरतात. त्याहून रुंद चीर वरवर सिमेंट फासून बुजत नाही. ती छिन्नीने उघडावी, धूळ झाडावी, पाण्याने ओली करावी, आणि सिमेंटमध्ये मिसळायचे जे रबरी दूध दुकानात मिळते, ते घालून केलेला माल ठासून भरावा.

पण भरण्यापूर्वी ती चीर जिवंत आहे की मेली, ते पाहावे लागते. चिरेवर आडवी अशी काचेची पातळ पट्टी दोन्ही टोकांना सिमेंटने चिकटवा आणि तारीख लिहा. दोन-तीन महिन्यांत पट्टी तडकली तर चीर वाढते आहे. मग हे गिलाव्याचे काम उरले नाही. पाया पाहायला हवा.

इथे एक गोष्ट मोकळेपणी बोलली पाहिजे. २२ जुलै २०२१ रोजी याच महाड तालुक्यात तळिये गावावर दरड आली आणि ऐंशीहून जास्त माणसे गेली. त्याआधी २००५ च्या जुलैतही दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते या गावांवर दरडी आल्या होत्या. डोंगराच्या उतारावर घर असेल तर प्रत्येक चीर गिलाव्याची नसते. चीर तिरपी असेल आणि दिवसागणिक रुंद होत असेल, कालपर्यंत लागणारे दार आज लागत नसेल, अंगणात किंवा घरामागच्या उतारावर जमीन फाटली असेल, झाडे-खांब कलले असतील, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ झाले किंवा नव्या जागी फुटले असेल, तर सिमेंट शोधू नका. माणसे आणि गुरे घेऊन उतारापासून दूर जा, आणि मग ग्रामपंचायतीला, तलाठ्याला, तहसील कचेरीला कळवा. पाऊस थांबेपर्यंत वाट पाहू नका.

काम कधी करावे

गिलाव्याला पाणी मारावे लागते, निदान सात दिवस, दिवसातून दोन-तीनदा. होळीनंतर आमच्या वाड्यांवर प्यायला पाणी नसते. बायका दोन-दोन कोस हंडे वाहतात. तिथे भिंतीला पाणी कोण मारणार? शिवाय चैत्र-वैशाखाचे ऊन गिलावा तडकवते. म्हणून गिलाव्याचे आणि चिरांचे काम दिवाळीनंतर, विहिरी भरलेल्या असताना करावे. रंगाचे मात्र उलट आहे. दिवाळीत भिंत आतून ओली असते. तेव्हा रंग लावला तर ओल आत कोंडते आणि पहिल्या उन्हात फोड येतात. नव्या गिलाव्याला निदान महिनाभर सुकू द्यावे आणि रंग फाल्गुन-चैत्रात लावावा. सगळे जण दिवाळीला रंग लावतात, कारण सण असतो. आतून लावायला हरकत नाही, भिंत कोरडी असेल तर! आतल्या बाजूने "वॉटरप्रूफ" रंग लावून बाहेरचा पाऊस मात्र अडत नाही. पाणी भिंतीतच राहते आणि दुसरीकडून वाट काढते.

आणि हे पान तुम्ही भर श्रावणात वाचत असाल तर? तर गिलाव्याच्या नादी लागू नका, पावसात लावलेला माल धुऊन जाईल. ओल्या भिंतीवरच्या बटणांना हात लावू नका. त्या भिंतीची वीज मेन स्विचवरून बंद ठेवा आणि तारवाल्याला बोलवा. कपाट आणि कणगी भिंतीपासून हातभर पुढे ओढा. घराभोवतीची चर तुंबली असेल तर मोकळी करा. आणि झडीच्या बाजूला ताडपत्री नाही तर जाड प्लॅस्टिक बांधा. ते भिंतीला चिकटवू नका. वळचणीखाली वासा बांधून त्यावरून सोडा, मधे चार बोटे जागा राहू द्या, खाली दुसऱ्या वाशाला बांधून वाऱ्याने फडफडणार नाही असे करा. खालची कड जमिनीपासून वीतभर वर ठेवावी, म्हणजे मागे हवा खेळेल आणि भिंत सुकत राहील.